बेस्तरवारचा खून

मी हट्टी आहे असं माहेरचे म्हणायचे, सासरचे म्हणत आले, आणि आता सुनाही आडून म्हणतात. म्हणोत. या वयात स्वभाव बदलायचा तर नवा आणायचा कुठून? पण हा हट्ट पहिल्यांदा चव्हाट्यावर कधी आला ते लिहून ठेवावं असं परवा वाटलं, आणि त्याला कारण माझी नात. मोबाईलवरची कुठलीशी खुनाची मालिका संपली आणि खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही, म्हणून ही पोरगी ताटावरून उठली. तिच्यासारखेच हजारो लोक चिडलेत म्हणे, आणि जो तो आपापला खुनी पकडून दुसऱ्याला शिव्या घालतोय. "आजी, असं कुणी करतं का?" मला म्हणाली. मी म्हटलं, बाई, करतात. त्यापायी माझी शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

आम्ही तेव्हा संगमनेरात राहत होतो, नदीच्या अंगाच्या एका गल्लीत. विड्या न वळणारं घर त्या गल्लीत शोधूनच काढावं लागलं असतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि आई घरी विड्या वळायची. आमच्या पडवीत ऊन यायचं नाही, त्यामुळे भिजवलेली पानं लवकर वाळायची नाहीत, म्हणून शेजारच्या बायाही आपापली सुपं घेऊन आमच्याकडेच येऊन बसायच्या. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कचकच कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायचं, तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. दिवसभर तेच. मधूनच कुणाला तरी खोकल्याची उबळ यायची आणि तिची सरली की दुसरीची सुरू व्हायची. दुष्काळाची वर्षं होती. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी जोंधळा, मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशाला टोचायची. वर लसणाची चटणी आणि असलं तर चुलीत भाजलेलं वांगं. तंबाखूचा वास आमच्या अंथरुणाला, वेण्यांना आणि त्या भाकरीलासुद्धा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी मुद्दाम तिच्याकडे आणखी सरकून बसायची.

आता शाळेचं सांगते. मी सातवीत होते आणि आमच्या गल्लीत सातवीपर्यंत पोचलेली मुलगी दुसरी नव्हती. पोरीची बोटं जरा चालायला लागली की तिच्यापुढे सूप यायचं, तशी रीतच होती. माझ्यापुढेही आलं होतं. माझी सुटका झाली ती हमीदाखालाच्या रेडिओमुळे. खाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिचा नवरा मालट्रक चालवायचा, महिना महिना बाहेर असायचा, आणि बाईला एकटं वाटू नये म्हणून त्यानं कातडी पिशवीतला एक रेडिओ आणून दिला होता. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर खुनाची एक श्रुतिका लागायची. तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या गल्लीत ते नाव कुणी घेतलं नाही. बाया नुसतं 'खून' म्हणायच्या. "उंद्या बेस्तरवार, उंद्या खून हाय," असं अगदी आनंदानं एकमेकींना सांगायच्या. पंचाईत अशी, की नेमक्या त्याच वेळी सगळ्या जणी दिवसभराच्या विड्या जमा करायला कारखान्याच्या रांगेत उभ्या असत. तिथला तपासनीस विड्या हातात घेऊन नापसंत त्या बाजूला फेकायचा, त्याला छाट म्हणत. छाट किती निघते या धास्तीनं रांग सोडून कुणी हलायचं नाही.

म्हणून ऐकायला मी जायची आणि दुसऱ्या दिवशी पडवीत सगळा भाग सांगायची. माझं पाठांतर पक्कं होतं. शेठ बोलला तर शेठचा घोगरा आवाज, त्याच्या बायकोचा बारीक आवाज, इन्स्पेक्टर बोलायच्या आधी काडी ओढायचा तर ती काडीसुद्धा ओढून दाखवायची. थोडा मीठमसाला लावायचीच; बायकोच्या अंगावर मी हिरवी पैठणी चढवली होती आणि रेडिओवर पैठणी दिसते थोडीच. पण कोण काय बोललं आणि कोणी काय केलं यात तिळाचा फरक कधी केला नाही. गोष्ट संपली की प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या मूठभर विड्या उचलून आईच्या सुपात टाकायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. एकदा शेजारच्या सखूनं टाकल्या, मग दुसरीनं टाकल्या आणि ती रूढीच पडली. शुक्रवारी नवा भाग, बाकीच्या दिवशी मागच्यांची उजळणी. माझ्या वाट्याच्या विड्या अशा भरून निघायच्या आणि अकराच्या घंटेला मी दप्तर उचलून शाळेत. माझी फी आणि पुस्तकं कुठून आली ते मला आठवत नाही, पण माझा वेळ त्या मुठींतून आला एवढं मी कधी विसरले नाही.

श्रुतिका सोपी होती. एक श्रीमंत शेठ आपल्या खोलीत मरून पडलेला सापडतो. संशय तिघांवर: त्याची बायको, धाकटा भाऊ आणि जुना दिवाणजी. पडवीत तीन तट पडले होते. धाकट्या भावावर कोंडामावशीचा डोळा होता. मावशी आमच्यातली सगळ्यात वडील, सगळ्यात चपळ बोटांची आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. तिच्यापुढे आण्णासुद्धा बिडी विझवायचे. सखू बायकोचं नाव घ्यायची. सखू तरुण होती, नवऱ्याला सोडून आली होती. नवऱ्यानं टाकलेली म्हटलेलं तिला खपायचं नाही. "म्या टाकलं त्याला," असं ती स्वतःच सांगायची. उरलेल्या बाया दिवाणजीच्या बाजूच्या होत्या, त्यानं केलंच नाही म्हणायच्या, कारण बिचाऱ्याला दमा होता आणि तो आवाज मी फार चांगला काढायची.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी मगरिबची अजान झाली, खालानं नेहमीप्रमाणे आवाज बारीक केला आणि ती आत नमाजाला गेली. मी रेडिओला कान लावून बसले. इन्स्पेक्टरनं तिघांना शेठच्या खोलीत बोलावलं. काडी ओढली. म्हणाला, "खून कुणी केला ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." मग बराच वेळ नुसतं भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं. एक खुर्ची सरकली. कुणीतरी उठून चालायला लागलं. दार उघडलं, पावलं जिना उतरून गेली. शिपाई म्हणाला, "साहेब, पकडू का?" इन्स्पेक्टर म्हणाला, "जाऊ द्या." मग वाद्यं वाजली आणि निवेदन करणारी बाई म्हणाली, श्रुतिका समाप्त झाली.

खाला बाहेर आली. "क्या हुवा गे सुमन? किने मार्‍या?"

"सांगितलंच नाही."

"बोलेच नै? तो फिर इत्ते दिन कायकू बिठाया हमकू?" खालानं रेडिओ उचलून पाठीवर थापटला, मागचं झाकण उघडलं, सेल हातात घेऊन बघितले. सेल नवे होते.

दुसऱ्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी सांगितलं ते आजही सांगू शकेन, इतकं चांगलं सांगितलं. घड्याळ वाजवलं, खुर्ची सरकवली, जिना उतरले आणि थांबले. कात्र्याही थांबल्या होत्या.

"आन मंग?" कोंडामावशी म्हणाली.

"संपलं."

"संपलं कसं? कोन गेलं उठून?"

"ते सांगितलं नाही."

मग जी उलटतपासणी सुरू झाली तशी त्या इन्स्पेक्टरलाही जमली नसती. पावलं वहाणांची होती का बुटाची? बांगड्या वाजल्या का? जिना उतरताना धाप लागली का? मावशीनं मला पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मी जसं ऐकलं तसं चालले. "ही बाप्याची चाल हाय," मावशी म्हणाली. "कशावरनं? म्या बी आशीच चालती," सखू म्हणाली आणि उठून चालून दाखवलं. मग दुसरी चालली, तिसरी चालली. आण्णा न्याहारीला आले तर पडवीत सात-आठ बाया पदर खोचून येरझाऱ्या घालताहेत आणि विड्या वळायचं कुणाच्या ध्यानात नाही. शेवटी सर्वानुमते ठरलं की गोष्ट अजून संपलेली नाही. पुढच्या गुरुवारी उरलेली लागणार. मंगलाष्टकं म्हणून अक्षता न टाकता भटजी निघून जातो का कुठे? मी म्हटलं, बाईनं समाप्त म्हटलंय. माझं कोण ऐकतंय.

पुढच्या गुरुवारी आमच्या गल्लीनं कधी केलं नव्हतं ते केलं. रांगेत उभं राहायचं सोडून सगळ्यांनी आपला माल दुपारीच नेला. घाईघाईत वळलेल्या विड्या, त्यात तपासनिसाचं डोकं फिरलेलं; ढिगानं छाट निघाली. तरी बाया हसत परतल्या आणि हमीदाखालाच्या अंगणात दाटीवाटीनं बसल्या. खालानं त्या दिवशी अजान संपताच रेडिओचा कान पूर्ण पिळला. वेळ झाली. खरखर झाली. आणि एक गृहस्थ मिरचीवरच्या बोकड्या रोगाची माहिती सांगू लागले. बायांनी तीही शेवटपर्यंत ऐकली, न जाणो मधेच शेठचा विषय निघाला तर. गृहस्थ नमस्कार म्हणाले, भजन सुरू झालं, आणि कोंडामावशी उठून उभी राहिली.

"ही पोरगी झोपली आसंल त्या दिशी," ती म्हणाली. "आन आपल्याला येड्यात काढती. न्हाईतर ह्या डब्यातच खोट हाय."

"मेरे रेडवे में खोट नै," खाला कडाडली. "और छोकरी कू बी खोटी नको बोल!"

पण बोलायचं ते बोलून झालं होतं. शुक्रवारी सकाळी मी पडवीत बसले, मागचा एक भाग सांगायला सुरुवात केली, कुणी मान वर केली नाही. मुठी आल्या नाहीत. शनिवारी नाहीत, सोमवारीही नाहीत. कारखान्यात आमच्या विड्या कमी भरल्या आणि तिथल्या माणसानं आईला रांगेत सगळ्यांसमोर सुनावलं. त्या दिवशी चुलीपुढे बसून आई मला म्हणाली, "येखाद्याचं नाव घे न सोड की. दिरानं मारला म्हनायचं. काय जातंय तुझं? त्यो काय खरा मानूस हाय?"

"रेडिओवर म्हटलं नाही तर मी कशी म्हणू?"

"शाळा पायजे का न्हाई तुला?" आण्णांनी विचारलं. रागावून नव्हे, सरळच विचारलं. "पायजे ना? मंग म्हन. मोठी मान्सं कोर्टात शपता घिऊन खोटं बोलत्यात, तुला रेडिवचं कसलं आलंय?"

मी म्हणाले, "नाही म्हणणार." मला त्या वेळी कुठलं तत्त्वबित्त्व ठाऊक नव्हतं, उगाच मोठेपणा घेत नाही. मला भयंकर राग आला होता, एवढंच. माझ्याजवळ स्वतःचं असं काय होतं? झगा मामेबहिणीचा, दप्तर पिठाच्या पिशवीचं. सुमन ऐकते ते जसंच्या तसं सांगते, हा एक लौकिक तेवढा माझा होता, आणि तोच गहाण टाक म्हणत होते सगळे, माझ्याच भल्यासाठी. आईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे सूप आलं. मी ते ओढून घेतलं आणि फर्मा उचलला. अकराची घंटा आमच्या पडवीत ऐकू यायची. ती झाली तेव्हा मी मान खाली घालून कात्री इतकी जोरात चालवली की पान मधोमध फाटलं.

असे काही दिवस गेले. पडवी मुकी झाली होती. गोष्ट नाही, वाद नाही, नुसता खोकला. मला वाटतं बायांनाही ते जड जात होतं, पण मावशीपुढे बोलणार कोण. शेवटी तीच बोलली. एका सकाळी विडीला वेढे देता देता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमे, भांडान मिटवू. धाकट्या भावानं केलं म्हन. येवढंच म्हन. आजपासून मुठी चालू करते."

"नाही मावशी."

"का न्हाई? आसल्या मान्साला सोडून द्यायचं व्हय?" तिचा आवाज चढला आणि मग फाटला. "भाऊ मेल्याला दहा दिस झालं न्हाईत तर जिमिनीच्या कागदावर माझा आंगठा घेतला त्यानं. कशाचा कागद हाय म्हनून इचारलं तर म्हनला, वहिनी, देवाचा हाय. माझं बैल घोडेगावच्या बाजारात नेऊन इकलं, मी दावनीला रिकामं दावं बघत ऱ्हायले. आन त्यो उठून निघून जातोय, आन तुझा इन्स्पेक्टर म्हनतोय जाऊ द्या?"

इतकी वर्षं मावशी आमच्या पडवीत बसत होती, पण ती शेतीवाल्या घरची होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. सखूनं हातातली विडी खाली ठेवली. "मावशे, तुजं खरं हाय," ती म्हणाली. "पर मला इचारशील तर बाईनंच मारला. आन मी म्हन्ते, बरं केलं." कुणी हसलं नाही. तिनं चोळीची बाही वर सरकवली आणि दंडावरचा डाग दाखवला. चहाची किटली अंगावर टाकली होती तिच्या नवऱ्यानं. मग भिंतीकडेला बसणारी एक गरीब बाई, जी एरवी दिवसभरात दोन शब्द बोलायची नाही, ती दिवाणजीबद्दल बोलू लागली. म्हणजे दिवाणजीबद्दल नव्हेच, तिच्या बापाबद्दल, ज्यानं एका घरी जन्मभर चाकरी केली आणि शेवटी चोरीचा आळ घेऊन मेला. तेव्हा मला कळलं की या बाया इतके दिवस शेठच्या खुनावर भांडतच नव्हत्या. नातीच्या मोबाईलमधले ते लोक कशावर भांडतात ते मला माहीत नाही. त्यांनाही कुणी नीट विचारून बघायला हवं.

मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "आता म्हन," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आई माझ्याकडे बघत होती, सगळ्याच बघत होत्या. त्या क्षणी नाव घेणं सगळ्यात सोपं होतं आणि ते दयेचं दिसलं असतं.

"मावशी, तुमच्या दिरानं केलं ते खरं," मी म्हणाले. "मी गावभर सांगीन. म्हणाल तर घोडेगावच्या बाजारात उभी राहून सांगीन. पण रेडिओवर कुणाचं नाव घेतलं नाही ते नाहीच."

मावशीनं पानं गोणपाटात गुंडाळली, सूप कमरेवर घेतलं आणि निघून गेली. पडवीत कुणाची कात्री हलेना. मला वाटलं आता आई मला धोपटणार. ती उठली, माझ्यापुढचं सूप उचललं आणि त्यातली पानं, तंबाखू, दोरा, सगळं आपल्या सुपात ओतलं.

"ऊठ," ती म्हणाली. "तोंड धू न शाळंला जा."

"आणि माझ्या विड्या?"

"वळीन माझी मी. माझ्या पोरीनं सांगितलं न्हाई म्हनलं तर सांगितलं न्हाई." हे ती मला म्हणाली नाही, पडवीला म्हणाली. नंतर ती खरोखरच वळत राहिली, दिवे लागल्यावरही, बोटांना चिरा पडेपर्यंत. सखूच्या मुठी पुन्हा येऊ लागल्या, मग इतर दोघी-तिघींच्या. कोंडामावशीची मूठ मात्र पुन्हा कधी आली नाही. ती बाई माझ्याएवढीच हट्टी होती. पण ते पुढचं. त्या सकाळी मी दप्तर काखेत मारून पळत सुटले तर मावशी आपल्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेली. तिनं हात आडवा घालून मला अडवलं.

"सुमे. दीर न्हाई म्हनलीस."

"नाव घेतलं नाही, मावशी."

"मंग बायकूबी न्हाई ना?"

"तेही सांगितलं नाही."

"सखूला सांगितलंस तसं?"

"तिच्यासमोरच सांगितलं की."

मावशीनं हात बाजूला घेतला.

"जा मंग," ती म्हणाली. "घंटा व्हऊन गेली कवाच."